दोन्ही पायांना पोलिओ, साइड व्हीलची स्कूटर सोडून ऑटोमॅटिक कार घ्यायची आहे. सोलापुरात कुणी हॅन्ड कंट्रोल वापरतंय का?

अशोकचौक_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. विचारीन विचारीन म्हणत बरेच दिवस गेले, आज लिहितोच. वय ४३, दोन्ही पायांना लहानपणीचा पोलिओ, उजव्यात थोडी ताकद आहे पण ब्रेक दाबण्याइतकी नाही, कॅलिपर (पायाला बांधायचा लोखंडी आधार) आणि कुबड्यांवर चालतो, कमरेच्या वर मात्र एकदम ठणठणीत. गेली १४ वर्षं अ‍ॅक्टिव्हाला साइड व्हील लावून फिरायलोय, अशोक चौकातनं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायला रोज जाणं-येणं त्याच्यावरच. स्कूटरनं खूप दिलं, नाही म्हणत नाही, पण आता आईला मागं बसवत नाही, पोरीला क्लासहून आणायचं असलं की पावसात दोघं चिंब, आणि मेमधल्या दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर थांबलं की काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. शिवाय खड्ड्यात दोन्ही साइडची चाकं कडेवर टेकली की मधलं चाक हवेत गरागरा फिरतं, गाडी जागची हलत नाही आणि मला उतरून ढकलता येत नाही. कुणीतरी येईपर्यंत बसून राहायचं.

तर मित्राची जुनी एएमटी (क्लच पेडल नसलेली) गाडी मिळायलीय. ओळखीचा एक मेस्त्री म्हणतोय ब्रेक आणि एक्सलेटरला दांडी वेल्ड करून देतो ८ हजारात, टेन्शन घेऊ नका. भाचा म्हणतो थांब मामा, अपंगांना जीएसटीत सूट असते, नवीनच घे. लायसन्स माझ्याकडं स्कूटरचं आहे, त्याच्यावर "इनव्हॅलिड कॅरेज" (म्हणजे अपंगांची गाडी) छापलंय (एकदा नाक्यावर एकानं ते वाचून "तुमचं लायसन्स इनव्हॅलिड झालंय ओ" म्हणून बाजूला घेतलं होतं, आता हसू येतं). हेच लायसन्स कारला चालतं का? आणि ही दांडी प्रकरण नेमकं चालवायला कसं असतंय, हात दमतो का, मागनं ट्रक आला की घाबरायला होतं का, खरं खरं सांगा.

जुळेसोलापूर_व्हीलचेअर

दादा, मी सहा वर्षं चालवतोय. माझी केस वेगळी, मणक्याला मार लागलाय, कमरेखाली जाणीवच नाही, पण गाडीच्या दृष्टीनं तुम्ही नि मी एकच, पाय हिशेबात धरायचे नाहीत.

माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला दांडी आहे. पुढं ढकलली की ब्रेक, आपल्याकडं ओढली की एक्सलेटर. उजव्या हातात स्टिअरिंगवर बसवलेला गोल नॉब, एका हातानं पूर्ण वळवता येतं. मूळची पेडलं तशीच राहतात त्यामुळं बायको पण तीच गाडी चालवते. पहिले आठ दिवस उलटं व्हायचं, घाबरलं की माणूस हात आपल्याकडं ओढतो, आणि ओढणं म्हणजे रेस! म्हणून पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊ नका. आमच्याकडं अजून न बांधलेले प्लॉट आहेत, तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर मी महिनाभर नुसतं दहाच्या स्पीडनं जायचं आणि कचकन थांबायचं, एवढंच केलं. आता हात आपोआप पुढं जातो.

हात दमतो का, तर शहरात नाही. पुण्याला गेलो तर अडीचशे किलोमीटरमधे दोनदा थांबतो, खांद्यापेक्षा मनगट धरतं. इंडिकेटरसाठी नॉब क्षणभर सोडावा लागतो म्हणून मी वळणाच्या बरंच आधी देतो. हॉर्नचं बटण दांडीवरच काढून घ्या, सोलापुरात हॉर्नशिवाय गाडी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. आणि दांडीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा, तुमच्याकडं तर तोटा नाही. उन्हात लावलेल्या गाडीची लोखंडी दांडी हातात धरून बघा एकदा म्हणजे कळेल.

एएमटीबद्दल एक. ती खरी ऑटोमॅटिक नव्हे, क्लच तोच असतो, फक्त मशीन दाबतं. तिला पी (पार्किंगचा गिअर) नसतो, म्हणजे लावताना गिअरमधे ठेवून हॅन्डब्रेक ओढायचा. चढावर काही गाड्या मागं सरकतात, पुलावर ट्रॅफिकमधे अडकलं की एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो, ब्रेकची दांडी दाबून ठेवा. मित्राच्या गाडीत हिल होल्ड (चढावर गाडी मागं सरकू न देणारी सोय) आहे का तेवढं बघा.

निवांत_माणूस

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ड्रायव्हर ठेवा की ओ, महिन्याला पगार द्या, आरामात मागं बसा.

जुळेसोलापूर_व्हीलचेअर

@निवांत_माणूस ड्रायव्हर रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायला येतो का? मला पण सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. एकट्यानं गाडी काढून कंबर तलावावर जाऊन नुसतं बसून यायचं हे ड्रायव्हर ठेवून होत नसतंय.

जुना_गॅरेजवाला

वेल्डिंग करू देऊ नका. हात जोडून सांगतो. पेडलच्या दांड्याला वेल्ड मारला की तिथलं लोखंड कडक होतं आणि कधी ना कधी वेल्डच्या शेजारीच चीर जाते, आणि ती नेमकी जोरात ब्रेक मारताना जाते कारण तेव्हाच भार येतो. हॅन्ड कंट्रोलचं चांगलं किट क्लॅम्पनं आवळतात, नायलॉक (सैल न होणारा) नट असतो, गाडी विकताना काढून मूळ गाडी परत मिळते. एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मान्य केलेलं किट बघा, पुण्यात बसवणारे आहेत, मेस्त्रीच्या ८ हजारापेक्षा जास्त जातील पण ब्रेकवर काटकसर करू नये. किटवर जीएसटी ५ टक्केच आहे, २०२१ ला जीएसटी कौन्सिलनं कमी केला, बिलात १८ लावला तर विचारा.

बसवल्यावर स्वतः तीन गोष्टी करून बघायच्या. इंजिन बंद ठेवून दांडी चार-पाच वेळा दाबा. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनवर चालतो, इंजिन चालता चालता बंद पडलं तर दोन-तीन दाबातच त्याचा जोर संपतो आणि मग सगळं हाताच्या ताकदीवर. ती ताकद तुमच्या हातात आहे का ते घरासमोर कळलेलं बरं. दुसरं, दांडी शेवटपर्यंत ढकलल्यावर गुडघ्याला किंवा डॅशबोर्डला अडता कामा नये, आत जागा उरली पाहिजे. तिसरं, पायाखालचं मॅट काढून फेका, मॅट सरकून पेडलखाली गेलं तर हातवाल्याला पायानं बाजूला करता येत नाही. व्हीलचेअरवाल्या साहेबांसारखी जाणीव नसलेल्यांनी पेडलपुढं पत्र्याचं गार्ड लावावं, पाय आपोआप उडाला तर पेडलवर जातो.

स्कूटरचं चाक हवेत फिरणं मी पंचवीस वर्षं ऐकतोय. तुमची साइड व्हील ताठ बसवलेली असणार, स्प्रिंगवाली असती तर बरंच कमी झालं असतं. कार आली तरी स्कूटर विकू नका, नव्या पेठेत कार लावायला जागा कोण देतंय.

उजवापाय_नाही_ताई

दादाच्या कामाचं नाही पण पुढं कुणी वाचेल म्हणून लिहिते. माझा उजवा पाय गुडघ्याखालून काढलाय, डावा चांगला आहे. मला शोरूममधे (नाव घेत नाही) सांगितलं होतं की मॅडम तुम्हाला गाडी चालवताच येणार नाही. मी ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकच्या डावीकडं दुसरा एक्सलेटर बसवून घेतला, डाव्या पायानं दोन्ही करते. ज्यांचा डावा पाय अधू आहे आणि उजवा चांगला त्यांना तर ऑटोमॅटिकमधे काहीच बसवावं लागत नाही, क्लचच नाही ना. सगळे सरसकट "अपंगांची गाडी" म्हणतात म्हणून राग येतो, आधी कुठला पाय ते तर विचारा.

जुना_गॅरेजवाला

ताई, डावा एक्सलेटर मला आवडत नाही, दुसरं कुणी चालवायला बसलं आणि सवयीनं डावा पाय ब्रेक समजून ठेवला तर?

उजवापाय_नाही_ताई

काका, म्हणून तर माझ्या गाडीतला घडीचा आहे, डावा खाली केला की उजवा वर उचलला जातो आणि उलट. नवरा बसायच्या आधी घडी बदलते, तो विसरला तर ओरडते. कायम बसवलेला असेल तर तुमचं बरोबर आहे.

विमा_आणि_कागद

कागदांचं मी सांगतो, माझा धंदाच तो.

लायसन्स: स्कूटरचं चालणार नाही, कारसाठी पुन्हा लर्निंग काढायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात इनव्हॅलिड कॅरेज हा शब्द गेला, आता "अ‍ॅडाप्टेड व्हेईकल" म्हणतात, तेवढा एक अपमान कमी. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवसांनी टेस्ट देता येते आणि टेस्ट स्वतःच्या बदल केलेल्या गाडीवरच द्यायची, ड्रायव्हिंग स्कूलकडं दांडीची गाडी सहसा नसतेच. गाडी नावावर करायला लायसन्स लागत नाही, त्यामुळं आधी गाडी का आधी लायसन्स यात अडकू नका. शिकताना शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस हवा, त्याचा हात हॅन्डब्रेकवर.

गाडी: मोटार वाहन कायदा कलम ५२. बदल करायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. हे न करता नुसती दांडी लावून फिरलात आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी हाच मुद्दा निघतो. माझ्या माहितीतल्या एकाचा असाच अडकला, कंपनीचं नाव सोडा, चूक दोघांचीही होती. नोंद झाली की कंपनीला कळवा आणि सवलत मागा. अपंगांसाठी बदललेल्या गाडीला ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात ५० टक्के सूट मिळायची तरतूद मोटार टॅरिफमधे आहे, एजंट स्वतःहून सांगत नाहीत. (मी सांगतो, पण मी भोळा आहे.)

मालकीच्या रकान्यात "दिव्यांगजन" लिहून घ्या, ऑक्टोबर २०२० पासून गाडी नोंदणीच्या फॉर्म २० मधे तशी सोय आहे. टोलला याचा उपयोग होतो. हायवेच्या नियमात टोलमाफी माणसाला नाही, अपंगांसाठी खास बनवलेल्या गाडीला आहे, त्यामुळं नुसतं यूडीआयडी (अपंगत्वाचं) कार्ड दाखवून सावळेश्वरच्या टोलनाक्यावर भांडत बसू नका, आरसीवर नोंद करून सूटवाल्या फास्टॅगसाठी अर्ज करा.

भाच्याला सांगा त्याची माहिती जुनी आहे. पूर्वी छोट्या गाडीवर सगळ्यांना २८ टक्के आणि ४० टक्क्यांवर हाडांचं अपंगत्व असलेल्यांना १८ होता, अवजड उद्योग मंत्रालयाचं सर्टिफिकेट आणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोटी गाडी सगळ्यांनाच १८ झाली, म्हणजे तो १० टक्क्यांचा फरक राहिलाच नाही. तेवढ्यासाठी नवीन घेऊ नका, जुनी चांगली असेल तर घ्या.

शेंगाचटणी_प्रेमी

मधेच विचारतो माफ करा, माझ्या भावाला ऐकू येत नाही, त्याला लायसन्स मिळतं का? आमच्याकडं सगळे नाही म्हणतात.

विमा_आणि_कागद

मिळतं. दिल्ली हायकोर्टानं २०११ लाच सांगितलंय की नुसतं ऐकू येत नाही म्हणून नाकारायचं नाही, टेस्ट पास झाला तर द्यायचं. आरसे मोठे लावा. बाकी यासाठी वेगळा धागा काढा.

अशोकचौक_हिशेबनीस

सगळ्यांचे मनापासून आभार. मेस्त्रीला नाही म्हणून सांगितलं, जरा नाराज झाला, दोन दिवस बोलला नाही. रविवारी जुळे सोलापूरवाल्या दादांनी बोलावलं होतं, त्यांच्या गाडीत मोकळ्या प्लॉटांमधे बसलो, वहिनी शेजारी हॅन्डब्रेकला हात लावून. लर्निंग निघायचंय म्हणून इंजिन चालू केलंच नाही, दांडी दाबून बघितली. पहिले दोन दाब मऊ गेले आणि मग दगड झाला, गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं होतं तसंच. पण तरी दाबली गेली. इतकी वर्षं कुबड्या मारून खांदे तयार झालेत ते कुठंतरी कामी आले. पोरगी मागच्या सीटवर व्हिडिओ काढत होती, त्यात माझा चेहरा असा आलाय की कुणाला दाखवणार नाही.

आरटीओच्या फेऱ्या पुढच्या आठवड्यात सुरू करतो. एक राहिलंच विचारायचं, कुबड्या तुम्ही लोक ठेवता कुठं? मागच्या सीटवर टाकल्या की उतरताना हात पोचत नाही आणि डिकीत टाकल्या की उतरायचं कसं!

उजवापाय_नाही_ताई

शेजारच्या सीटवर उभ्या ठेवायच्या आणि त्या सीटचा बेल्ट त्यांना लावायचा. नुसत्या ठेवू नका, ब्रेक मारला की घरंगळून पेडलपाशी येतात.

जुळेसोलापूर_व्हीलचेअर

आणि शेजारी वहिनी बसल्या तर दार आणि सीटच्या फटीत, हँडलवर टेकवून, रबराचं टोक खाली. एकच जाईल, दुसरी वहिनींच्या मांडीवर. माझी व्हीलचेअर असते बायकोच्या मांडीवर त्यापेक्षा बरं.

जुना_गॅरेजवाला

गाडी सीएनजी असेल तर डिकीचा विषयच नाही, टाकीच बसलेली असते तिथं. घेताना ते पण बघा.