मदत हवी आहे : अर्धशिशीसाठी न्यूरोलॉजिस्टकडे जावं का? (नाशिक)

सातपूरकर

वहिनीसाठी विचारतोय. वय ३६, अंबडला एका कंपनीत पॅकिंगला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. डोकेदुखी सहा वर्षांपासून. उजव्या कानशिलात ठणका सुरू होतो, जिना चढला की वाढतो, उजेड आणि कुकरची शिट्टी नकोशी होते, एक-दोन उलट्या होतात. अंधारात पडून राहिली की सहा-आठ तासांनी उतरतं, कधी अख्खा दिवस जातो. पूर्वी महिन्यातून एक-दोनदा व्हायचं, दिवाळीपासून आठवड्यातून दोन-तीनदा.

चष्म्याचा नंबर तपासून झाला, बदल नाही. सायनसचा एक्स-रे स्वच्छ. बीपी नॉर्मल. घरच्या डॉक्टरांनी पूर्वी एक गोळी लिहून दिली होती, तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणतो.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते पित्त आहे, उपास बंद कर आणि मोरावळा खा. भाऊ म्हणतो आधी एमआरआय काढून टाकू. मला वाटतं न्यूरोलॉजिस्टला दाखवावं, पण साध्या डोकेदुखीला एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं का, असं वहिनीच म्हणते. फिजिशियन पुरेल का? ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे, त्याचा उपयोग होईल का?

गोदातीर

वर्णन अर्धशिशीचंच आहे. एका बाजूचा ठणका, हालचालीने वाढणारा, सोबत उलटी आणि उजेड-आवाजाचा त्रास, ४ ते ७२ तासांत उतरणारा. सायनस आणि चष्मा हे दोन नेहमीचे चुकीचे पत्ते. अर्धशिशीत नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, म्हणून लोक वर्षानुवर्षं वाफ घेत बसतात. आईंचं मात्र अर्धं बरोबर आहे. पित्त हे कारण नाही, उलटी हा त्या झटक्याचाच भाग आहे. पण उपाशी राहणं हे खरंच निमित्त ठरतं. चतुर्थीला किंवा श्रावणी सोमवारी दुपारी डोकं धरतं ते त्यामुळेच.

कोणाकडे जायचं हे ठणका किती जोराचा त्यावर ठरवू नका. दोन आकडे काढा : महिन्यात किती दिवस डोकं दुखलं आणि किती दिवस गोळी घेतली. गोळ्यांची संख्या नको, दिवस मोजा. कालनिर्णयवर दुखलेल्या दिवशी टिंब आणि गोळी घेतलेल्या दिवशी फुली, एवढं पुरतं. पाळीचे दिवस आणि रात्रपाळीचा आठवडाही त्यावरच खुणावून ठेवा.

महिन्यात तीन-चार दिवस दुखत असेल आणि गोळीने दोन तासांत उतरत असेल, तर फिजिशियन किंवा चांगला फॅमिली डॉक्टर पुरतो. चार दिवसांपेक्षा जास्त दिवस कामं अडत असतील तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध लागतं. तेही फिजिशियन सुरू करू शकतो : प्रोप्रानोलॉल (दमा असेल तर नाही), अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून, किंवा फ्लुनारिझीन, ज्याने वजन वाढतं आणि काहींचं मन उदास होतं. यातलं काहीही आठवड्याभरात गुण देत नाही. पुरेशा डोसवर दोन महिने द्यावे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडतात आणि पुढच्या डॉक्टरला सांगतात की ते औषध लागू पडलं नाही.

न्यूरोलॉजिस्ट लागतो तो अशी दोन औषधं नीट घेऊनही फरक नसेल तेव्हा, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तेव्हा, किंवा दुखण्याची जुनी घडी अचानक बदलली असेल तेव्हा. दिवाळीपासूनचा बदल या शेवटच्या कारणात बसतो.

एमआरआय आपणहून काढू नका. दुखण्याचा जुना नमुना कायम असेल आणि तपासणीत काही सापडत नसेल, तर त्यातून बहुतेकदा हाती काही लागत नाही. वर एखादा बिनमहत्त्वाचा पांढरा ठिपका दिसला की घरभर घाबरगुंडी. कोणता स्कॅन हवा हेही तपासणारा ठरवतो, कारण मेंदूतल्या शिरेत गुठळी असेल तर साध्या सीटीत ती निसटू शकते.

तीन गोष्टी कळवा. पॅकिटामागे लिहिलेले घटक. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर कोपरे-कोपरे असलेली चमकती रेघ दिसते का. आणि त्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात का.

सातपूरकर

पर्समधल्या आणि डब्यातल्या रिकाम्या स्ट्रिप मोजल्या. गेल्या महिन्यात २२ गोळ्या, दिवस १४ च्या आसपास. मागे बारीक अक्षरात : अर्गोटामीन १ मिलिग्रॅम, कॅफीन १००, पॅरासिटामॉल २५०, प्रोक्लोरपेराझीन २.५. मधूनच सॅरिडॉनही. रेघ दिसते म्हणाली, वीसेक मिनिटं, कडेने सरकत जाते. चष्म्याचा दोष समजून कोणाला सांगितली नव्हती. आणि हो, गर्भनिरोधक गोळ्या घेते, २१ गोळ्यांचं पाकीट, दोन वर्षांपासून.

गोदातीर

मग प्रश्न सुटला, न्यूरोलॉजिस्टकडेच जा. पण त्याआधी, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. ती चमकती रेघ म्हणजे ऑरा. ऑरा असलेल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) असलेली गर्भनिरोधक गोळी चालत नाही, मेंदूच्या पक्षाघाताचा धोका वाढतो. कॉपर-टी किंवा इस्ट्रोजेन नसलेली गोळी असे पर्याय आहेत. पर्याय ठरेपर्यंत निरोध वापरा. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तेही लपवू नका.

मेडिकलच्या_काउंटरवरून

जुन्या चिठ्ठीवर ही गोळी वर्षानुवर्षं दिली जाते, हीच अडचण आहे. अर्गोटामीन किंवा अनेक घटक एकत्र असलेली वेदनाशामक गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. एकट्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवसांची. सॅरिडॉनमध्येही पॅरासिटामॉल, प्रोपीफेनॅझोन आणि कॅफीन असं मिश्रणच आहे, म्हणजे ते दिवसही दहातच मोजायचे. दिवाळीपासूनच्या वाढीचं मोठं कारण इथे असावं.

अर्गोटामीन रक्तवाहिन्या आवळतं. घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसीन किंवा एरिथ्रोमायसीन दिलं तर दोन्ही एकत्र अजिबात नको. हातापायाची बोटं गार, बधिर पडू लागली तर तडक दवाखाना. गरोदरपणात ही गोळी बंदच. आणि नवीन डॉक्टरांनी सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्याची दुसरी औषधं) लिहिलं तर आधीच्या अर्गोटामीनपासून किमान २४ तास जाऊ द्यायचे. रिकामी स्ट्रिप सोबत न्या, म्हणजे त्यांच्या नजरेस पडेल.

सातपूरकर

ही गोळी एकदम बंद करायची की हळूहळू? आणि झटका आला की नेमकं काय करायचं?

गोदातीर

अर्गोटामीन साधारण एकदम बंद करतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण पहिले २ ते १० दिवस दुखणं वाढतं. मळमळ, झोप उडणं, चिडचिड, सगळं येतं. इथेच माणूस हरतो आणि पुन्हा स्ट्रिप फोडतो. म्हणून रात्रपाळीचा आठवडा टाळून, शक्य असल्यास रजा काढून तारीख ठरवा. त्या दिवसांपुरतं दुसरं औषध आणि पुढचं प्रतिबंधक औषध डॉक्टर सोबतच सुरू करतील.

झटक्याची गोळी वेळेवर घेणं महत्त्वाचं. अर्धशिशीत जठर मंदावतं. तासाभरानंतर घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि उलटीतून बाहेर येते. म्हणून उलटीची गोळी आणि पुरेशा डोसची वेदनाशामक, दोन्ही ठणका सुरू होतानाच. जिभेवर विरघळणारी गोळी पाण्याशिवाय घेता येते एवढाच तिचा फायदा, शोषली जाते तीही पोटातूनच. कोणती आणि किती, ते तपासून झाल्यावर लिहून घ्या.

थांबायचं नाही असे प्रसंग : मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोबडी वळणं, हात लुळा पडणं, फिट, एक तासाहून जास्त टिकलेली रेघ. तेव्हा न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा चोवीस तास सीटी होतं अशा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

अंबड_लिंक_रोड

ईएसआयसीचं विचारलंत म्हणून. आधी कार्डावर नोंदलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात पाठवतात. तिथे न्यूरोलॉजिस्ट नसेल तर पुढच्या रुग्णालयाचं रेफरल मागायचं. ते कागद हातात आल्याशिवाय गंगापूर रोडला खासगीत दाखवलंत तर तो खर्च परत मिळेल हे धरून चालू नका. वेळ लागतो, पण दर महिन्याची प्रतिबंधक औषधं पुढेही तिथूनच घेता येतील, हा फायदा मोठा. महात्मा फुले योजना इथे उपयोगाची नाही, ती मुख्यतः दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही ओपीडी असते. न्यूरोलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात ते आधी फोन करून विचारा, नाहीतर केसपेपर काढून परत यावं लागतं.

रात्रपाळी कमी करून हवी असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीवरच ते वाक्य लिहून घ्या. कंपनीचा एचआर तोंडी सांगितलेलं ऐकत नाही.

गोदातीर

एक राहिलं. चष्म्याचा नंबर पाहिलात, पण डोळ्याच्या मागच्या नसेला सूज आहे का ते पाहिलं का? त्याला फंडस तपासणी म्हणतात, नेत्रतज्ज्ञ करतात, आणि तो कागद सोबत असेल तर न्यूरोलॉजिस्टचं काम सोपं होतं. बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं. वहिनींना एकटं स्कूटीवर पाठवू नका, सोबत कोणीतरी जा आणि गॉगल न्या.