पाटा गेला म्हणजे मराठीपण गेलं का?

घंटाळीकर: घोडबंदर रोडच्या एका गृहस्थांनी काल लिहिलं, "मराठी स्वयंपाकघर संपलं. पाटा-वरवंटा बाल्कनीत कुंडीखाली आणि ओट्यावर एअर फ्रायर. जपानी, कोरियन आपलं जपतात, आपण दुसऱ्याचं विकत आणतो." राहवेना, म्हणून लिहितोय.

जपान्यांनी चूल जपली? १९५५ साली तोशिबाने आपोआप बंद होणारा विजेचा भातकुकर आणला आणि घराघरांतून चूल हटली. भात राहिला. कोरियात किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, मडक्यात भरून अंगणात पुरायचे. माणसं फ्लॅटमध्ये गेली, अंगण गेलं, मग खास किमचीचा फ्रीज आला. १९९५च्या 'दिमछे' नावाच्या फ्रीजनंतर तो घरोघरी पोचला. युनेस्कोने २०१३ साली मान दिला तो सगळ्यांनी मिळून किमची करण्या-वाटण्याला, मडक्याला नव्हे. आपलंही तेच. जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, म्हणून सत्यप्रकाश माथुरांनी १९६०च्या दशकात दणकट मोटरचा सुमीत काढला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी मिरची हे सगळं झेपणारं यंत्र इथल्याच गरजेतून आलं. त्याला परकं म्हणू नका.

घोडबंदरवाले: मिक्सरला परकं कोण म्हणालं? मी एअर फ्रायरबद्दल बोललो. कोरियन फ्रीजमध्ये निदान किमची तरी असते. आपल्याकडे त्या डब्यात फ्रेंच फ्राइज! घरातला सोऱ्या शेवटचा कधी निघाला, ते सांगा.

नेरुळची सून: दर दिवाळीला निघतो. पण पाट्याची आठवण पुरुषांनाच का येते? होळीला अख्ख्या घराचं पुरण वाटून वाटून माझ्या सासूबाईंचा खांदा कायमचा गेला. पुरणयंत्र आलं त्याच आठवड्यात त्यांनी पाटा स्वतःच्या हाताने देऊन टाकला.

माहेर डोंबिवली: पुरणयंत्र ठीक. हल्ली मिक्सरमध्ये फिरवतात ते काय? चिकट गोळा होतो, पोळी फुटते.

नेरुळची सून: डाळीतलं पाणी नीट निथळा, कट बाजूला काढा आणि पुरण घट्ट आटवा. नाही फुटत.

माहेर डोंबिवली: फुटते. तीस वर्षं लाटतेय मी.

घंटाळीकर: विषय पुरणाचा नाहीये.

माहेर डोंबिवली: पुरणाचाच आहे! मुलगा न्यू जर्सीला. इथला मिक्सर सोबत नेला. आपला २३० व्होल्टचा, तिथे १२०. पातं नुसतं कण्हतं. आता तिथल्या फूड प्रोसेसरमध्ये करतो, डाळ अर्धवट राहते, तरी होळीला मला व्हिडिओ कॉल लावून ओट्याशी उभा असतो. त्याला मराठी म्हणायचं की नाही?

वाशी, तिसरा मजला: पाट्या-खलबत्त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आमच्याकडे राहायला या. वरचे सकाळी सहाला मसाला कुटतात. कमिटीला पत्रं देऊन थकलो.

घंटाळीकर: त्याचा इथे काय संबंध?

वाशी, तिसरा मजला: झोप आमची मोडते, म्हणून संबंध.

घोडबंदरवाले: बरं, पुरणापुरतं मागे घेतो, तुमच्या मुलासाठी. पण एअर फ्रायरमधली कोथिंबीर वडी मी वडी मानणार नाही.

नेरुळची सून: आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. वडी उकडते, तेलाचं बोट लावते आणि त्यातच ठेवते. ती वडी नाही, तर त्यांनी काय खायचं तेही लिहा.