घरची मंडळी : छोटूले कोणत्या शाळेत टाकायचं?

लहानी सून: आत्याबाई, छोटूले तीन वर्षं झाली. हे म्हणतात तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीत टाकू. गावातल्या बाईंच्या शाळेत दोनच खोल्या अन् चौदा लेकरं, पण माझं मन तिकडंच ओढते.

दादा: गाडी साडेसातला दारात येते. १९ किलोमीटर आहे, मान्य. पण मले कॉलेजात इंग्रजीचं एक वाक्य बोलता येत नव्हतं. त्याचं तसं नको व्हायला.

काकाजी: बाईंच्या शाळेत नुसते खेळतेत पोट्टे. त्याचे पैसे कायले द्यायचे?

मोठी आत्या: भाऊ, तेच तर शिक्षण आहे. मी २४ वर्षं अंगणवाडीत काढली, म्हणून लांब लिहिते. पूर्ण वाचा.

बाईंकडं लेकरं चिंचोके मोजतात, कापसातली सरकी बोटानं काढतात, वाती वळतात. त्यानं बोटांत जोर येते, मग पेन्सिल धरता येते. बोटं तयार नसताना चार रेघी वही दिली की लेकरू मूठ आवळून लिहिते अन् रडते. (पेरणीच्या बियाण्याले औषध असते, ते बाई हातात देत नाहीत. चिंचोकेही नजरेसमोरच, पोट्टे नाकात घालतात.)

मागच्या तान्ह्या पोळ्याची, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाची गोष्ट. एक पोरगी जूनअखेर शाळा उघडल्यापासून कोणाशीच बोलत नव्हती. बाईंनी सगळ्यांना आपापला लाकडी बैल आणायले सांगितलं अन् विचारलं, तुझा बैल काय खातो? ती बोलू लागली ते थांबेचना. ढेप, कडबा, आजोबा कसे पाणी पाजतात, सगळं सांगितलं. हाच प्रश्न परक्या भाषेत आला असता तर ती गप्पच राहिली असती. दादा, इंग्रजी त्याले नक्की येईल. आधी त्याले घरच्या बोलीत पोटभर बोलू दे.

ट्रेनिंगमध्ये आम्हाले ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या दोघींचं काम शिकवलं होतं. त्यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडी काढली. वस्तीतली लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. अन् आपण तीन वर्षांच्या जिवाले रोज १९ किलोमीटर पाठवायचं?

दादा: पण मागं राहिला तर?

मोठी आत्या: कोणाच्या मागं? पहिलीले सहा वर्षं लागतातच. नव्या शैक्षणिक धोरणातही, २०२० च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, अन् त्यात खेळातूनच शिकवा म्हटलं आहे. माझ्या नात्यातलं एक लेकरू असंच गाडीनं जात होतं. परत येताना सीटवर झोपलेलं, चड्डी ओली, डबा तसाच. सहा महिन्यांनी काढलं. ते अजून शाळेचं नाव काढलं की माझ्या पदराआड लपते.

काकाजी: हे मले माहीत नव्हतं बाई.

लहानी सून: कापूस वेचणीच्या दिवसांत मले यायला उशीर होते. तेव्हा?

मोठी आत्या: बाई पाचपर्यंत ठेवतात, मी विचारलं आहे. पण बारापेक्षा कमी लेकरं झाली तर खोलीचं भाडं निघत नाही, शाळा बंद करावी लागेल म्हणत होत्या. दोन घरं यंदा गाव सोडून चालली आहेत. म्हणून घाई करते मी.

दादा: सोमवारी मी स्वतः जाऊन बसतो मागं, तासभर. पाहतो.

मोठी आत्या: जा बेटा. छोटूले सोबत ने, अन् त्याचा बैलही घे.

लहानी सून: बैलाचं एक चाक निघालं आहे. काकाजी, उद्या बसवून द्याल का?

काकाजी: आताच आण.