मदत हवी आहे: भाच्याची पहिली हरणाची शिकार, मोठं काडतूस की पक्का नेम?

नमस्कार मंडळी. मी जालन्याचा, एसआरपीएफमधून निवृत्त. भाचा डेन्व्हरला असतो. कोलोरॅडोच्या सोडतीत त्याला म्यूल डिअर या तिकडच्या हरणाच्या शिकारीचा परवाना लागलाय, शिकारीचा सक्तीचा कोर्सही झालाय. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती राहायलाच हवी. प्रश्न फक्त तिकडचा आहे.)

त्याचे मित्र म्हणतात, ३०० विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या काडतुसाची रायफल घे, नेम थोडा चुकला तरी हरीण पडतंच. मला हे अजिबात पटत नाही. नळीच्या तोंडाशी त्या काडतुसाची ऊर्जा साडेतीन हजार फूट-पौंडांच्या आसपास, २४३ विंचेस्टर या लहान काडतुसाची साधारण १९५०. पण कोलोरॅडोचा कायदा हरणासाठी १०० यार्डांवर १००० फूट-पौंड आणि किमान ७० ग्रेनची (सुमारे साडेचार ग्रॅम), लागल्यावर फुलणारी गोळी मागतो. २४३ त्यात आरामात बसतं. गोळी हृदय-फुफ्फुसांच्या आठ-दहा इंचांच्या जागेतून गेली तर हरीण लवकर मरतं. पोटात लागली तर मॅग्नमची असली तरी ते तासन्‌तास तडफडतं.

मागे आमच्या शिवारात चोरट्या शिकाऱ्यांनी छर्रे मारलेलं काळवीट तुरीत सापडलं होतं. मागचा पाय नुसता लोंबत होता, जखमेवर माश्या, तरी माणूस जवळ आला की उठायला बघायचं. वनखात्याची गाडी येईपर्यंत गेलं. भाच्याच्या हातून असं काही घडू नये.

पोरगा किडकिडीत आहे. मॅग्नमचा धक्का एकदा बसला की पुढच्या वेळी गोळी सुटायच्या आधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो. आमचे उस्ताद एसएलआर रायफलच्या नळीवर नाणं ठेवून रिकामा ट्रिगर दाबायला लावायचे, नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याला तेच करायला सांगितलंय. पण चांदमारीवरचा पुठ्ठा जागचा हलत नाही, हरीण हलतं. तिथे माझं ज्ञान संपतं.

तिकडे शिकार करणाऱ्यांनी कृपया सांगा: नवख्याला २४३ द्यावी की ३०८? (३०८ म्हणजे जवळपास आमच्या एसएलआरचंच ७.६२ काडतूस.) बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूवर सराव कसा करावा? किती अंतरापलीकडे त्याने गोळी झाडूच नये, हे कसं ठरवायचं? आणि जखमी हरीण पळालं तर लगेच मागावर जायचं की थोडं थांबायचं?

सीझन ऑक्टोबरात आहे, सरावासाठी रायफल त्याआधी दोन महिने तरी हातात हवी.