मदत हवी आहे: आकडेवारी नसताना अप्रत्यक्ष भेदभाव कसा दाखवायचा?

युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मानवी हक्क कराराच्या कलम १४ (भेदभावास मनाई) खालचा अर्ज आहे. वरवर समान असलेल्या नियमाचा फटका एकाच समाजगटाला बसतो, असा मुद्दा. डी. एच. विरुद्ध चेक प्रजासत्ताक (२००७) निकालात ओस्ट्रावातल्या विशेष शाळांमध्ये (शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या) ५६ टक्के मुले रोमा (युरोपातील एक अल्पसंख्य समाज) होती, तर शहराच्या प्राथमिक शाळांत त्यांचे प्रमाण अवघे २.२६ टक्के. हे आकडे आणि त्यांना दुजोरा देणारे देखरेख संस्थांचे अहवाल यांवर प्रथमदर्शनी प्रकरण उभे राहिले आणि समर्थनाचा भार सरकारवर गेला. हेतू सिद्ध करावा लागला नाही.

आमची अडचण अशी की इथे सरकार वांशिक नोंदच ठेवत नाही (सोयीचेच म्हणा). मग युरोप परिषदेच्या देखरेख समित्यांचे अहवाल, संस्थेनिहाय मोजणी, नकारपत्रांची तुलना यांवर भार उलटतो का? कोणत्या निकालात उलटला? तुलनेचा गट किती जवळचा लागतो? इथेच अनेक अर्ज घसरतात, कारण परिस्थिती 'तुलनीय' नाही म्हटले की पुढचे सगळे कोसळते.

भेदभावाचा मुद्दा देशांतर्गत न्यायालयांत मांडलेला आहे, अंतिम निकालापासूनची चार महिन्यांची मुदतही शिल्लक आहे. त्यामुळे उत्तरे फक्त पुराव्याबद्दल द्यावीत. शक्यतो परिच्छेद क्रमांकासह.