खालचे बँड नेमके जातात कुठे?

जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (जेलमधून वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणं) लॅडरचे, म्हणजे मापासाठी सोडलेल्या ठरावीक लांबीच्या डीएनए-तुकड्यांचे, वरचे बँड (पट्टे) झकास उठतात, पण १००-२०० बेसपेअरचे (डीएनएची लांबी मोजायचं एकक) खालचे दिसतच नाहीत, डीएनए कमी पडला का, असं एकाने विचारलंय. तसंच असेल असं नाही. जेल ओततानाच इथिडियम ब्रोमाइड (डीएनएला चिकटून यूव्हीत चमकणारा रंग) घातलं होतं ना? मग हे होणारच. डीएनए धन टोकाकडे पळतो, आणि हा रंग स्वतः धनभारित असल्यामुळे उलटा ऋण टोकाकडे सरकतो. दीड-दोन तास जेल चाललं की खालचा भाग रंगाविना कोरडा! यूव्हीखाली नीट बघा: वर केशरी उजेड, खाली काळोख, मधे पट्टीने रेघ मारल्यासारखी सीमा.

उपाय सोपा. रंग न घालता साधं जेल चालवा, मग मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम या प्रमाणात केलेल्या इथिडियम ब्रोमाइडच्या द्रावणात अर्धा तास बुडवा आणि पाण्यात धुवा. हातमोजे घालूनच, हे सांगायला नकोच.

कुणी त्याऐवजी मिथिलीन ब्लू हा निळा रंग सुचवलाय, तो कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला छान, यूव्ही दिवा लागत नाही. पण फिकट बँड त्यात हरवतात.

सिल्व्हर स्टेनिंग (चांदीच्या क्षाराने बँड रंगवणं) पॉलिअॅक्रिलामाइडवर (जेलचा एक प्रकार) लाजवाब, पण फार नखरेल. एकदा डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून मी नळाच्या पाण्याने धुतलं. त्यातल्या क्लोराइडने चांदी पकडली आणि अख्खं जेल ताकासारखं पांढुरकं!

बँड कापून क्लोनिंग (त्या डीएनएच्या प्रती जिवाणूत बनवणं) करायचं असेल, तर मात्र निळ्या प्रकाशात दिसणारा सायबर सेफ हा रंग घ्या. यूव्हीत दोन-तीन मिनिटं रेंगाळलात तरी डीएनए खराब होतो.