लाइमच्या रेंगाळणाऱ्या दुखण्यावर जुनं पिपरॅसिलिन: चाचणी आता व्हायला हवी

तापीकाठ, चोपडा:
माझा मावसभाऊ अमेरिकेत कनेक्टिकटला असतो. गोचीड चावली, लाइम (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा आजार) झाला, डॉक्सिसायक्लिन (डॉक्सी) या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला. तरी सकाळी गुडघे धरतात, जिना चढवत नाही. 2025 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की उंदरांमध्ये पिपरॅसिलिन हे अँटिबायोटिक डॉक्सीच्या शंभरपट कमी मात्रेत लाइमचे जिवाणू संपवतं आणि पोटातल्या चांगल्या जिवाणूंना जवळपास धक्काही लावत नाही. औषध जुनं, दुष्परिणाम माहितीचे. मग माणसांवर चाचणीला वेळ का घालवायचा? रुग्णाला ‘सगळं मनाचं आहे’ सांगून घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही.

सातपुडा, शहादा:
भाऊ, दुखणं खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्या उंदरांच्या अंगात जिवंत जिवाणू होते. तुमच्या भावाच्या अंगात आज ते आहेत का? 2001 मध्ये अमेरिकेत अशाच रुग्णांना 30 दिवस शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि पुढे 60 दिवस डॉक्सी दिलं. तुलनेसाठी नुसतं दिखाऊ, औषध नसलेलं (प्लासिबो) दिलेल्यांपेक्षा ते काही बरे निघाले नाहीत. 2016 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीतही लांबलेल्या अँटिबायोटिकचा फायदा दिसला नाही. आणखी एक अँटिबायोटिक देऊन काय साधणार?

तापीकाठ, चोपडा:
त्याच संशोधकांचं म्हणणं आहे, की जिवाणू मेल्यावरही त्याच्या भिंतीचे तुकडे सांध्यात राहतात आणि सूज धरून ठेवतात. पिपरॅसिलिन ती भिंत बांधू देत नाही. म्हणून लागण झाल्याबरोबर देऊन बघा, पुढचा त्रास टळतो का ते कळेल. ही चाचणी अजून कुणी केलेली नाही, जुन्या निकालांनी ती बाद कशी होते?

केळीबाग, रावेर:
मी औषधाचं दुकान चालवतो, म्हणून काळजी वाटते. गायीच्या कासेला गोचिड्या दिसल्या, ताप आला, की लोक थेट ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मागतात. थायलेरिया (गोचिडीतून जनावरांना होणारा परजीवीचा ताप) असेल तर बुपारव्हाकोन हे वेगळं औषध लागतं, हे ऐकायची तयारी नसते. पिपरॅसिलिन ज्या जोडीत मिळतं ते पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांसाठी आहे, जागतिक आरोग्य संघटनेने ते जपून वापरायच्या गटात ठेवलंय. उद्या गोचीड चावली म्हणून कुणी ते टोचून घेतलं तर?

तापीकाठ, चोपडा:
दुकानातून कुणी घ्यावं असं मी म्हणतच नाही. लाइमची खात्री झालेले नवे रुग्ण, डॉक्टरांच्या देखरेखीत, डॉक्सीच्या तुलनेत. एवढंच मागतोय.

सातपुडा, शहादा:
अशी चाचणी असेल तर माझा विरोध नाही. पण तुमच्या भावाला तिचा उपयोग होईल, असं त्याला आत्ता सांगू नका.